मालनबाई भाव पाडत नाही

दिवेलागण झाली की गंगेवरच्या भाजीबाजाराला लाज म्हणून उरत नाही. सकाळी वीस रुपये म्हणून ठणकावून सांगितलेली मेथीची जुडी दहाला होते, मग दहाला दोन होतात, आणि शेवटी तर "ताई, सगळं उचला, काय द्यायचं ते द्या" इथपर्यंत गाडी येते. हे सगळ्या पंचवटीला माहीत आहे. म्हणून शहाण्या बायका बरोबर त्याच वेळेला येतात. स्कूटीवरून उतरायचं नाही, एक पाय खाली टेकवायचा, हेल्मेटची काच वर करायची आणि नाक मुरडून विचारायचं, "कशी दिली?" जसं काय भाजी घेऊन उपकारच करणार आहेत.

मालनबाईकडे सकाळी वीस तर संध्याकाळी पण वीस.

"अहो मावशी, कोमेजली आता ही. कोण घेणार?"

"मग तुम्ही तरी कशाला घेता कोमेजलेली?"

"दहाला देऊन टाका ना."

"मी टाकायला बसले नाही. विकायला बसलेय."

काच खाली, स्कूटी पुढे. मालनबाई वर पण बघत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे. आज संध्याकाळी दहाला दिली तर तेच गिऱ्हाईक उद्या सकाळी फिरकत नाही, अंधार पडायची वाट बघत घरी बसतं. मग आपण सकाळी बसायचं कशाला? सासूनं तिला हा धंदा शिकवला तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की एकदा तोंडातून भाव गेला की तो परत घ्यायचा नाही. सासू गेली, नवरा काळू मार्केट यार्डात हमाली करता करता गेला, पण तो शब्द काय गेला नाही. घाटाच्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला दोन हात फरशी, त्यावर गोणपाट, गोणपाटावर मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, आणि त्याच्यामागं मालनबाई. पोरगी चैताली तिनं ह्याच फरशीवर बसून शिकवली, तिचं लग्न केलं, वस्तीतलं घर पक्कं बांधलं. एकटी राहते, कुणाच्या दारात जात नाही.

ती जागा कागदावर कुणाचीच नाही. रोज बसेल त्याची. चार-आठ दिवस दिसलं नाही की शेजारणीचं गोणपाट थोडं सरकतं, पंधरा दिवसांनी अजून थोडं, आणि एकदा सरकलेलं गोणपाट मागं जात नाही. मालनबाईच्या शेजारी भागीबाई बसते. पेठच्या डोंगरातली बाई, आधी पावसाळ्यात रानभाज्या घेऊन यायची, मग बाराही महिने बसायला लागली. दोघींची बसल्या जागी भांडणं. भागीबाई भाव पाडते, मालनबाई तिला त्यावरून बोलते, भागीबाई तिला ताठ्याची म्हणते, आणि दुपारी चहा आला की दोघी एकाच कपातला अर्धा-अर्धा पितात. चहा संपला की परत चालू.

तर ह्या मालनबाईला मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी फरशीवर बसल्या बसल्या झटका आला. हातातली कोथिंबिरीची जुडी गळून पडली, उचलायला गेली तर बोटंच ऐकेनात.

भागीबाईनं बघितलं आणि म्हणाली, "मालने, तुझं तोंड का गं वाकडं झालं? आधीच काय लय सरळ व्हतं का?"

मालनबाईनं उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते, नुसता लगदा. मालनबाईला उत्तर देता येत नाही म्हणजे काहीतरी भलतंच झालं, हे भागीबाईला लगेच कळलं. तिनंच रिक्षा थांबवली, तिनंच आत ढकललं, चैतालीला फोन पण तिनंच लावला. तासाभरात तोंड जागेवर आलं, हात हलायला लागला. पण तोवर चैतालीनं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

मोठा दवाखाना म्हणजे काय, काचेचा दरवाजा आपोआप उघडतो, आत थंडी, आणि प्रत्येक माणूस दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो. हार्टवाल्या डॉक्टरनं सांगितलं की हृदयाच्या ठोक्यांना ताल नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. येवल्याकडं माहेर, तिथं गावात कुणी औषध केलं नव्हतं, अंगारा लावला होता. डॉक्टर म्हणाला, तेव्हाच हृदयाची झडप आकसली. आता वरचा कप्पा नीट दाबत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचतं, त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की माणूस आडवा. ह्या वेळी बारकी होती म्हणून सुटलात. आता जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. रक्त घट्ट राहिलं तर गुठळी, फार पातळ झालं तर आतल्या आत वाहणार. म्हणून दर महिन्याला तपासायचं. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये पाहिजे.

एवढं चांगलं सांगितलं. मग त्यानंतर त्यानं मालनबाईकडे परत कधी बघितलं नाही, आकड्याकडेच बघितलं.

शुगरवाला डॉक्टर वेगळा. गुडघेवाला वेगळा, बसून बसून गुडघे गेले होते त्याच्यासाठी. बीपीच्या गोळ्या हार्टवाल्यानं दिल्या आणि शुगरवाल्यानं पण दिल्या. गुडघेवाल्यानं दुखायच्या लाल गोळ्या दिल्या, लागेल तशा घ्या म्हणाला. एका बाईचे तीन वाटे करून तीन दुकानांत ठेवले होते. कोण कुणाला फोन करतोय? हार्टवाल्याला गुडघे दिसत नव्हते आणि गुडघेवाल्याला गळ्यात नळ्या घातलेला हार्टवाला दिसला की तो त्याला नुसतं सर म्हणून पुढं जात होता. सगळ्या गोळ्या मालनबाईच्या एकाच पोटात जात होत्या, पण पोट कुणाच्याच खात्यात नव्हतं.

आणि आकडा काही केल्या मध्ये राहीना. एका महिन्यात दीडच्याही खाली, पुढच्या महिन्यात पाचच्या वर. पाचच्या वर गेला तेव्हा दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं थांबेना, दंडावर टोपली टेकली तिथं जांभळा डाग.

"आजी, तुम्ही गोळ्या चुकवता," हार्टवाला फाईलमध्ये बघत म्हणाला.

"नाही चुकवत."

"चुकवता आणि मग घाबरून डबल घेता. आकडा सांगतोय ना."

"आकडा काय माझ्या घरी राहतो का?"

चैतालीनं आईचा हात दाबला. मालनबाईला आजपर्यंत कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी बाजारातून आली की चूळ भरायच्या आधी गोळी घेत होती. आणि हा बाबा फाईलमध्ये तोंड घालून तिला शिकवत होता.

मग जेवणाचं सांगणारी एक मुलगी होती. तिनं रंगीत कागद दिला. कागदावर हिरव्या फ्लॉवरसारख्या एका भाजीचा फोटो, जी गंगेवर कुणी आणतही नाही, गंगापूर रोडच्या मॉलमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिळते. मुलगी म्हणाली, "आजी, पालेभाज्या जास्त खाता का?"

"नाही," मालनबाई म्हणाली.

हे मात्र खोटं होतं.

मालनबाई भाव पाडत नाही. मग संध्याकाळी उरलेला माल जातो कुठं? चैतालीला तिनं सांगून ठेवलं होतं की एक खानावळवाला येतो आणि सगळं घेऊन जातो. खानावळवाला कुणीच नव्हता. खानावळ म्हणजे मालनबाईच. उरलेल्या जुड्या ती टोपलीत घालून घरी न्यायची, निवडायची, लसूण आणि शेंगदाण्याचा कूट घालून पातेलंभर शिजवायची आणि खायची. रात्री खायची, सकाळी शिळी खायची. ज्या आठवड्यात धंदा मंद, त्या आठवड्यात पोटात नुसता पाला. ज्या आठवड्यात लोकांच्या घरी काही सण-वार, सगळी टोपली साफ, त्या आठवड्यात पिठलं-भाकरी नाहीतर बोंबलाची चटणी, हिरवं पान दिसायचं नाही. आपण सगळ्यांना ताजी ताजी म्हणून ओरडतो आणि घरी कोमेजलेलं गिळतो, हे पोरीसमोर कोण सांगणार? आणि त्यात जावई तिथंच उभा. शिवाय पालेभाजीनं रक्त वाढतं हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यात सांगण्यासारखं काय आहे असंच तिला वाटलं.

जावई बुद्धभूषण. कुठल्याशा ऑफिसात क्लार्क आहे, सिडकोत फ्लॅट आहे, आणि सासू काय करते विचारलं तर "भाजीपाल्याचा बिझनेस आहे" म्हणतो. जसं काय ट्रक चालतात. तो एका रविवारी चैतालीला घेऊन आला. सासूच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर बसला आणि फाईल मांडीवर घेतली.

"मामी, स्पष्ट बोलतो."

"बोला की. तुम्ही अस्पष्ट कधी बोललात."

"तुमचं हे असं चालणार नाही. उन्हात बसता, वेळेवर जेवत नाही, गोळ्यांचा ताळमेळ नाही. उद्या तिथं बाजारात पडलात तर? चैतालीला किती टेन्शन. आता बास करा. आमच्याकडे या."

"तुमच्याकडे येऊन काय करू? लिफ्टमध्ये बसू?"

"आराम करा. घरात कुणी मोठं माणूस पाहिजेच. पार्सल येतात, गॅस येतो."

चैताली म्हणाली, "अहो, असं काय बोलता." मग आईकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले. "आई, पण मला खरंच भीती वाटते गं. त्या दिवशी भागीमावशीचा फोन आला ना, तेव्हापासून फोन वाजला की आधी तुझंच काहीतरी झालं असं वाटतं."

जावयानं कितीही फाईली उघडल्या असत्या तरी मालनबाई हलली नसती. पण पोरीचं ऐकल्यावर ती हलली. मग म्हणाली, "बरं. मी गोळी चुकवत नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या महिनाअखेरचा आकडा मध्ये नाही आला, तर मी जागा सोडीन. आपणहून तुमच्या घरी येईन आणि गॅसवाल्याला दार उघडीन. झालं?"

बुद्धभूषणनं मान हलवली. त्याला वाटलं सासूला पटलं. त्याला कुणी सांगावं की ह्या बाईच्या तोंडातून भाव गेला की तो बदलत नाही. आकडा चुकला असता तर ती खरंच उठली असती, तिला कुणी ओढायची गरज नव्हती. आणि ती तिथून उठली असती तर चार महिन्यांत संपली असती, हे झटका बघणाऱ्या भागीबाईला कळत होतं, पण फाईल बघणाऱ्या कुणालाच नाही.

वस्तीजवळ सरकारी दवाखाना आहे. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका खुर्चीचा पाय मोडलेला आणि वर्षभर तशीच. मालनबाई तिकडं ढुंकूनही बघत नसे. पण तिथं दर गुरुवारी अशा ताल सुटलेल्या लोकांसाठी खास तपासणी सुरू झाली होती. बीपी, शुगर, नाडी, रक्ताचा आकडा बोटातून, सगळं एकाच टेबलावर. डॉक्टर तरुण पोरगा होता, पण टेबल चालवायची उज्वला सिस्टर. चैतालीनं ऐकलं आणि आईला ओढत नेलं.

उज्वला सिस्टर म्हणाली, "सगळ्या गोळ्या काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या, कनवटीला आहेत त्या पण."

मालनबाईनं तिन्ही पिशव्या टेबलावर उलट्या केल्या. सिस्टरनं पाकिटं पत्त्यांसारखी लावली. बीपीची एकच गोळी दोन नावांनी निघाली.

"दोन्ही घेता?"

"दोघांनी दिल्या. एकाची घेतली तर दुसऱ्याला राग यायचा."

मग लाल गोळ्या हातात घेतल्या. "आणि ह्या कोणी दिल्या?"

"गुडघेवाल्यानं."

"त्याला सांगितलं होतं का रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे म्हणून?"

"त्यानं विचारलं का? त्यानं गुडघा वाकवायला सांगितला, मी वाकवला."

सिस्टरनं लाल गोळ्या डॉक्टरपुढं सरकवल्या. त्या दोन्ही एकत्र म्हणजे पोटात रक्त वाहायला आमंत्रण, असं तो पोरगा म्हणाला आणि त्यानं त्या बंद केल्या, गुडघ्याला साधी गोळी आणि शेक दिला. बीपीची एक काढून टाकली. मोठ्या दवाखान्यात हार्टवाल्याला फोन लावला. "सर ओपीडीत आहेत" हे ऐकून ठेवला, परत लावला, असं करत तिसऱ्यांदा तो सापडला. तेवढं करायला आख्ख्या वर्षात कुणाला वेळ नव्हता.

तरी पण आकडा पुढच्या गुरुवारी दीड, त्याच्या पुढच्या गुरुवारी साडेचार.

"मावशी, पालेभाजी?" सिस्टरनं विचारलं.

"नाही हो."

"बाहेरचं काही काढे, जडीबुटी?"

"नाही."

"मग गोळी चुकते?"

मालनबाई उठून उभी राहिली. "तुम्ही पण तेच. बरं आहे. येते मी."

महिना संपत आला होता. सिडकोच्या फ्लॅटमध्ये बुद्धभूषणनं बाल्कनीच्या खोलीतलं सामान हलवायला सुरुवात केली होती, आणि भागीबाई मधूनमधून मालनबाईच्या फरशीकडे बघत होती. बघणारच, तिला पण जागा कमी पडत होती.

"गेलीस तं तुझा वजनकाटा मला ठेवून जा," ती म्हणायची.

"पालेभाजीला काटा लागतो का गं, डोंगरावरचे?"

"बटाटे घालीन मी तिथं."

"घाल. दहाला दोन किलो घाल, तुला तेवढंच येतं."

आणि मग एके दिवशी, अंधार पडता पडता, एक स्कूटी मालनबाईच्या गोणपाटापुढं थांबली. बाईनं उतरायची तसदी घेतली नाही. काच वर केली. "मेथी कशी?"

"वीस."

"आता? पाणी सुटलंय तिला. दहाला दोन द्या."

"शेजारी मिळेल."

"शेजारची जाडी आहे. ह्या पाच जुड्या तुमच्याकडे उरल्यात, माझ्याशिवाय कोण घेणार आहे?"

मालनबाईनं मान वर केली तर हेल्मेटमध्ये उज्वला सिस्टर. दिवसभर लोकांना उपदेश करणारी बाई संध्याकाळी सगळ्यांसारखीच पडलेला भाव हुडकत आली होती. मालनबाईला बरंच वाटलं.

"सिस्टर, तुमच्या दवाखान्यात संध्याकाळी सुई अर्धी टोचता का?"

सिस्टर ओशाळली, पण हट्ट सोडेना. "तसं नाही हो मावशी. पण वाया जाणार. एवढ्या जुड्यांचं करणार काय तुम्ही?"

मालनबाई काही बोलायच्या आत भागीबाई बोलली. तिला तसं पण तोंड आवरत नाही, आणि हे तर वर्षानुवर्षं साठलेलं होतं.

"काय करते? घरी नेते आन गिळते. रोज. पाच असू दे नायतर पंधरा. आमी दहाला दोन इकून मोकळ्या व्हतो, आन ही राणी पातेलं घेऊन बसते. म्हशीपरीस जास्त पाला खाते. आन सगळं इकलं गेलं का मंग उपाशी, नायतर पिठलं. भाव पाडत नाय ना ती. पोट फाडून घेते, भाव नाय पाडत."

आजूबाजूच्या चार बायका हसल्या. मालनबाईच्या अंगाला आग लागली. इतकी वर्षं झाकलेलं हिनं बाजारात मांडलं, ते पण फुकट.

उज्वला सिस्टरनं स्कूटी बंद केली. खाली उतरली. हेल्मेट काढलं आणि सरळ पायरीवर बसली.

"मावशी, हे खरं?"

मालनबाईनं गोणपाटाची कड नीट केली. बराच वेळ कड नीट केली.

"खरं."

"आणि मी दर गुरुवारी विचारत होते."

"विचारत होतात. पण चैताली शेजारी बसलेली असायची." मग थोडं थांबून, "पोरीला वाटतं खानावळवाला येतो."

सिस्टरला हसू आलं होतं का राग, कळत नव्हतं. "अहो मावशी, ती गोळी रक्त पातळ करते आणि पालेभाजी तिला उलटं ओढते. तुमचा धंदा बसला की तुम्ही टोपलीभर खाता, गोळी हरते, आकडा खाली. धंदा चालला की पान नाही खात, गोळीला अडवायला कुणी नाही, आकडा वर. तुम्ही गोळी चुकवतच नव्हता."

"तेच तर सांगत होते मी सगळ्यांना."

"हो, अर्धं सांगत होता."

मालनबाईला ते लागलं. "मग काय, सोडू पालेभाजी? मी? पालेभाजी विकणारी?"

"सोडायची नाही. रोज खायची. पण रोज सारखीच, वाटीभर. धंदा बसो नाहीतर पळो, वाटीच. गोळी त्या वाटीच्या मापानं बसवू. रोज माप बदललं तर गोळीनं करायचं काय?"

हे मालनबाईला लगेच कळलं. रोज एकच भाव ठेवायचा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सिस्टर जाताना भागीबाईकडून दहाला दोन जुड्या घेऊन गेली, ती सवय काय सुटणार नव्हती.

पण प्रश्न पुढंच होता. वाटीभर खाल्लं तर बाकीच्याचं काय? त्या रात्री मालनबाईनं पाच जुड्या ओट्यावर ठेवल्या, एक निवडली, चार तशाच बघत बसली. फेकायच्या? अन्न फेकायचं तिला शक्य नव्हतं. भाव पाडायचा? गेली असती जीवानिशी, पण ते नाही. माल कमी आणायचा? ढीग बारका दिसला की गिऱ्हाईक मोठ्या ढिगाकडं जातं. आणि महिनाअखेरचा आकडा पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी, शब्द दिलेला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले. मालनबाईकडे शेपू आणि मेथी उरली होती. तिनं एक जुडी टोपलीत ठेवली, बाकीच्या उचलल्या आणि भागीबाईच्या गोणपाटावर आदळल्या.

"हे काय गं?"

"तुझी जीभ लय लांब आहे ना. घे, गिळ आता तूच."

"पैशे?"

"पैसे मागितले का मी? आणि माझं नाव घ्यायचं नाही विकताना."

भागीबाईनं एकदा जुड्यांकडे बघितलं, एकदा मालनबाईकडे. मग तिनं ढिगावर पाणी शिंपडलं आणि गळा काढला. "घ्या, मालनबाईची मेथी, दहाला दोन. घ्या, ताठ्याची मेथी, दहाला दोन."

मालनबाईनं पाठ फिरवली. तो भाव भागीबाईचा होता, तिचा नव्हता. पण कान काय फिरत नाहीत, सगळं ऐकू येत होतं. दहा मिनिटांत ढीग साफ झाला. भागीबाई रोज अर्धे पैसे पुढं करायची, मालनबाई रोज हात झटकायची. शेवटी भागीबाई त्या पैशांचा दोघींसाठी आख्खा-आख्खा चहा सांगायला लागली, आणि मालनबाई तो पिताना चहा पाणचट आहे म्हणायला लागली.

एकदा उलटी गंमत झाली. बुधवारचा बाजार, लग्नसराई, मालनबाईची टोपली दुपारीच रिकामी. तिच्या वाटीपुरतं पण पान राहिलं नाही. संध्याकाळी उठता उठता तिच्या लक्षात आलं. बाजारभर बघितलं, पालेभाजी फक्त भागीबाईकडे.

"एक मेथी दे."

भागीबाईनं डोळे बारीक केले. "तू? माझ्याकडून?"

"दे म्हटलं ना."

"घे. तुला पाचला."

मालनबाईनं वीसची नोट गोणपाटावर ठेवली. भागीबाई सुटे शोधायला लागली तशी म्हणाली, "राहू दे. सकाळचा भाव घे. घ्यायला शीक कधीतरी."

आकड्याच्या गुरुवारी बुद्धभूषण सुट्टी टाकून आला होता. बाल्कनीच्या खोलीत पलंग पण लावून झाला होता. चैताली आईचा हात धरून बसली होती. मोडक्या पायाच्या खुर्चीवर तो बसायला गेला, डुगडुगला, मग उभाच राहिला. उज्वला सिस्टरनं बोटातून थेंब घेतला. मशीन विचार करत बसलं. सगळे त्या मशीनकडे बघत होते, मालनबाई दाराबाहेर बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचं रक्त चाललंय.

"दोन पॉइंट चार," सिस्टर म्हणाली.

चैतालीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"मशीन बरोबर आहे ना?" बुद्धभूषणनं विचारलं.

"तुमचं करू का?" सिस्टर म्हणाली आणि नवी सुई काढली. बुद्धभूषणनं दोन्ही हात खिशात घातले.

मग घरी जाताना रिक्षात मालनबाईनं पोरीला खानावळवाल्याचं खरं सांगितलं. अगदी थोडक्यात, बाहेर बघत. चैतालीनं आईचा पदर नीट केला. मग म्हणाली, "मला वाटायचं तू आम्हाला ताजी भाजी देते तीच खाते." मालनबाई म्हणाली, "जावईबापू, तो पलंग पार्सलवाल्याला द्या," आणि विषय संपला.

तीन महिन्यांनी हार्टवाल्याकडे तारीख होती. एकदाच, वर्षाची म्हणून. त्यानं फाईल उघडली, मागच्या तीन महिन्यांचे आकडे बघितले, सगळे मध्ये. पहिल्यांदाच तो हसला.

"छान. आता गोळ्या नियमित घेता वाटतं."

चैतालीनं आईचा हात घट्ट दाबला, तोंड उघडायच्या आधीच. मालनबाईनं पण सोडून दिलं. ज्याला फाईलच्या बाहेर माणूस दिसत नाही त्याला सांगून काय फायदा. त्यानं पुढच्या वर्षीची तारीख दिली, काचेचा दरवाजा आपोआप उघडला, आणि ती थेट बाजारात जाऊन बसली.

आता बाजारात गेलात तर दिसेल. मालनबाई सकाळी गोणपाट पसरते, जुड्या सोडते, पाणी मारते, आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी सगळ्या ढिगातून एक जुडी निवडून काढते. सगळ्यात कोवळी, सगळ्यात हिरवी. ती ओल्या फडक्यावर बाजूला ठेवते, मांडीजवळ. परवा एक स्कूटीवाली आली, सगळा ढीग उपसून काढला, एक पण पसंत पडेना, आणि मग तिची नजर त्या फडक्यावर गेली.

"ती द्या ना, ती चांगली आहे."

"ती विकायची नाही."

"मी तीस देते."

"वीसचीच आहे. पण विकायची नाही."

"मग बाजारात आणून ठेवलीय कशाला?"

"खायला," मालनबाई म्हणाली आणि फडकं जुडीवर ओढून घेतलं. "माझी आहे ती."